गाडी कोणाला लागते?

भगीरथभाऊंच्या घरी गाडी येणार, हे मला पहिल्यांदा कळलं ते आमच्या वैशाखऱ्याच्या देवळात, भजनाला बसलो असताना. गजर संपला, टाळ खाली ठेवले, आणि पखवाजाची कणीक खरवडता खरवडता भाऊ म्हणाले, "बारकू, आमचा सुदाम इसयूवी घेतोय रे. मिडसाईज."

"मिडसाईज म्हणजे केवढी, भाऊ?"

भाऊंनी पखवाजाकडे बघितलं, मग देवळाच्या दाराकडे बघितलं. "याच्यापरीस मोठी, त्याच्यापरीस बारीक."

पुढे वर्ष दीड वर्ष त्या गाडीबद्दल मी पुष्कळ ऐकलं, पण इतकं नेमकं कोणी सांगितलं नाही.

सुदाम हा भाऊंचा एकुलता एक. मुरबाडच्या एमआयडीसीत सुपरवायझर. पोरगा गुणी, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. फक्त मोबाइलवर गाड्यांची परीक्षणं बघायचा नाद लागला. कीर्तनात बुवा एका चरणावर तासभर बोलतात, तसा सुदाम एका गाडीच्या एका दारावर तासभर बोलायचा. टॉर्क, टर्बो, व्हीलबेस, बूट स्पेस. "बुटाला येवढी जागा कशाला?" भाऊ विचारायचे. "आपल्या घरात बूट हायेत कुनाचे?" सुदाम डोळे मिटून घ्यायचा, आणि पुढचं परीक्षण लावायचा. तिकडे कोणीतरी गॉगलवाला तरुण डोंगरावर गाडी चढवून सांगत असे की ही गाडी फॅमिलीसाठी उत्तम आहे. त्याची स्वतःची फॅमिली मात्र एकाही परीक्षणात आम्हाला दिसली नाही.

आणि एक मानलं पाहिजे, सुदाम जे काही बघायचा ते आईसाठी.

"सहा एअरबॅग पाहिजेत, बारकूकाका. आईसाठी."

"छपराला काच पाहिजे. आईला आतून चांदणं दिसेल."

"थंड होणारी सीट. आईच्या कंबरेला बरी."

आई, म्हणजे आमच्या सकुवहिनी, तेव्हा चुलीपुढे. चांदणं त्यांना अंगणातून फुकट दिसत होतं, आणि कंबरेचं दुखणं सीट नसल्यामुळे नव्हतं, हंडे उचलल्यामुळे होतं. पण हे त्यांना कोणी विचारलं नाही. जागासुद्धा ठरून गेली होती. "आई, मागची अख्खी सीट तुझी. पाय पसरून बस!" सुदाम हे इतक्या प्रेमाने सांगायचा की ऐकणाऱ्याचा ऊर भरून यावा.

सगळ्या गोष्टीत अडचण एकच होती. सकुवहिनींना गाडी लागायची. आमच्याकडे गाडी लागते म्हणजे काय ते सांगायला नको. वहिनी नवरी होऊन जीपमधून आल्या, तेव्हा सरळगाव ते वैशाखरे जीप इतक्या वेळा थांबली की वरातीतल्या वाजंत्र्यांना वाटलं, थांबेल तिथे वाजवायचं असतं. तेव्हापासून त्या लिंबू पदराला बांधल्याशिवाय गाडीजवळ जात नाहीत, आणि होता होता गाडीजवळ जाणंच सुटलं.

त्यांचं माहेर तिकडे शहापूर तालुक्यात, तानशाच्या जंगलाला लागून. भाऊ एक, धाऊ. त्या गावात दर चैत्रात हरिनाम सप्ताह असतो, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. वहिनी त्या मंडपात लहानाच्या मोठ्या झाल्या. काल्याच्या कीर्तनात बुवा कुठे थांबणार, कुठे लोकांना हसवणार आणि कुठे आवाज उतरवून रडवणार, हे त्यांना बुवांच्या आधी कळतं. पण कित्येक वर्षं त्यांनी तो काला कानांनी ऐकला नव्हता. यंदा धाऊने स्वतः फोन केला. "सकू, यंदा ये गो. बायकांच्यात बघतो मी, तुझी जागा रिकामीच दिसते."

वहिनींनी दोन दिवस तो फोन कोणाला सांगितला नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना हळूच सांगितला. सुदाम म्हणाला, "यंदा कशी जाशील आई? तुला लागते ना! पुढल्या वर्षी आपल्या गाडीतून जाऊ. तुझ्यासाठीच घेतोय."

काल्याचा दिवस रविवारी आला. सुदामला सुट्टी, म्हणून त्याच सकाळी शोरूमची गाडी दाखवायला दारात बोलावली होती.

मी गेलो तेव्हा वहिनींनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, कपाळाला बुक्का लावला होता. मी विचारलं, "कुठं निघालात वहिनी?"

"कुठं नाय. घरातच हाय," त्या म्हणाल्या आणि पातेलं घासायला लागल्या.

तेवढ्यात गाडी आली. पांढरीशुभ्र, नाक वर केलेली. अंगणात वळताना तिने तुळशीला इतकं जवळून दर्शन दिलं की भाऊंनी हात जोडले. आतून हर्षित उतरला, शोरूमचा सेल्समन. कल्याणचा मुलगा, घरात हिंदी, मराठी शोरूममध्ये शिकलेली, पण शिकलेली मनापासून. उतरल्या उतरल्या त्याने सगळ्यांना वाकून नमस्कार केला, त्यात मीही आलो.

शेजारचा कमळाकर आधीच हजर होता. गावातला गाड्यांचा जाणकार म्हणजे कमळाकर, कारण गेल्या दिवाळीत त्याने याहून मोठी गाडी घेतली होती. ती ताडपत्रीखाली असते. दसऱ्याला बाहेर काढतात, हार घालतात आणि परत झाकतात. कमळाकरने टायरला लाथ मारली, दारावर टिचकी वाजवली, कान लावला.

"पत्रा पातल हाय."

"सर, फाइव्ह स्टार सेफ्टी आहे," हर्षित म्हणाला.

"स्टार वर असतात. मी खालचं बोलतोय."

सुदामने चावीला हात पुढे केला. हर्षितने अदबीने लायसन्स मागितलं. इथे एक गोष्ट उघड झाली जी दीड वर्षात कोणाला माहीत नव्हती. सुदामचं लायसन्स अजून लर्निंग होतं. परीक्षणं बघण्यात परीक्षा द्यायची राहून गेली होती. कमळाकर खोकला. "मी चालवतो," म्हणाला. पण कंपनीचा नियम म्हणे असा की घेणाऱ्याखेरीज दुसऱ्याच्या हाती गाडी द्यायची नाही.

"मी चालवतो सर, तुम्ही फील घ्या," हर्षित म्हणाला. "टोकावड्यापर्यंत जाऊन येऊ." आणि मग शोरूमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेला प्रश्न त्याने विचारला. "त्याआधी एक सांगा. तुमच्या फॅमिलीत गाडी कोणाला लागते?"

त्याला विचारायचं होतं, गाडीची गरज कोणाला आहे. शब्दही त्याचा चुकला नव्हता. पण त्या अंगणात त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. भाऊ, सुदाम आणि सूनबाई नम्रता एका सुरात म्हणाले, "आईला!"

"लई लागते," भाऊ म्हणाले. "लगीन होऊन आली तवापासून लागते."

हर्षित चकित झाला. "तेव्हापासून? आणि इतक्या वर्षांत घेतली नाही?"

"काय घेनार? लिंबू घेते."

"रोज लागते?"

"रोज कशाला? बसली की लागते."

"बरोबर, सर!" हर्षितचा चेहरा उजळला. "एकदा बसलं की लागतेच. आमच्या सगळ्या कस्टमरचं तेच होतं."

माझ्या लक्षात आलं, पोरगा कुठल्या रस्त्याने चाललाय ते. मी तोंड उघडणार, एवढ्यात तो सरळ पडवी ओलांडून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. तिथे उभं राहून त्याने हात जोडले, आणि दीड वर्षात त्या घरात जे झालं नव्हतं ते झालं. गाडीबद्दल सकुवहिनींशी कोणीतरी बोललं.

"मॅडम, गाडी तुम्हाला लागते ना?"

वहिनींनी मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कोणी मॅडम उभी आहे का. "लागते रे बाला. का?"

"मग तुम्ही बसल्याशिवाय टेस्ट ड्राइव्हला अर्थ नाही. पुढे बसा. तुमच्या हिशोबाने दाखवतो. तुम्हाला जायचं कुठे असतं?"

वहिनींनी पातेलं खाली ठेवलं. मी उघडलेलं तोंड मिटलं. काही चुका देवानेच करायला पाठवलेल्या असतात, त्या आपण दुरुस्त करू नयेत.

"तानशाला," वहिनी म्हणाल्या. "आज काला हाय."

"ओके मॅडम."

सुदाम पळत आला. "अरे, तानसा कुठे राहिला! टोकावड्यापर्यंत ठरलंय."

"सर, ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. खरा कस्टमर नेईल तिकडे न्यायची," हर्षित म्हणाला. टोकावडे आणि तानसा यांच्यात किती अंतर आहे हे त्या कल्याणच्या पोराला माहीत नव्हतं, हीसुद्धा पांडुरंगाचीच कृपा.

वहिनींनी हात धुतले, फडताळातून लिंबू घेतलं आणि गाडीशी आल्या. पायरी उंच होती. ग्राउंड क्लीअरन्स, ज्याचं सुदामला भारी कौतुक. हर्षितने गाडीतलं पायपुसणं घडी करून पडवीतल्या स्टुलावर ठेवलं, स्टूल पायाखाली दिलं. वहिनी चढल्या. सुदाम खिडकीशी.

"आई, तुझी मागची सीट ना! अख्खी!"

"ती तू बघ," वहिनी म्हणाल्या. "माझ्यासाठी घेतोस ना? कशी हाय ती नीट बसून बघ. कमळाकरलापन घे, त्याला कलतं सगलं."

मधल्या सीटवर भाऊ, नम्रता आणि मी. अगदी मागे, मधली सीट वाकवून, सुदाम आणि कमळाकर. त्यांचे गुडघे त्यांच्या हनुवटीशी आले आणि मागच्या काचा उघडत नव्हत्या. "एकदम राजेशाही," कमळाकरचा आवाज आला, जरा दबलेला.

निघालो. पुढे डॅशबोर्डवर सुगंधाची बाटली होती. तिचा वास मला देवाच्या लग्नात अत्तराचा हंडा फुटावा तसा वाटला. वहिनींनी पदर नाकाला लावला. मला धास्ती पडली. टोकावडे यायच्या आतच सगळं संपतंय की काय! त्यांनी डोळे मिटले, कपाळावर घाम आला, आणि मग एकदम हर्षितला म्हणाल्या, "बाला, ही बाटली काढ. ए.सी. बंद कर. काच खाली घे."

"आई, ए.सी.चं टेस्टिंग राहील!" मागून सुदाम.

"तुला तिथं लागतोय का वारा?"

"नाही."

"मग तुझं टेस्टिंग झालं."

बाटली डिकीत गेली, वारा आत आला. वहिनींनी नजर समोर रस्त्यावर धरली आणि ओठातल्या ओठात गजर सुरू केला. मी मधल्या सीटवरून मांडीवर ताल धरला, भाऊंच्या बोटांनी पुढच्या सीटच्या पाठीवर पखवाज सुरू केला. टोकावडे मागे गेलं. हर्षितने फिरवायला गाडी हळू केली, वहिनींकडे बघितलं, वहिनींनी पुढे बोट केलं. गाडी पुढे गेली.

सरळगावला वळलो आणि गाडीतली नकाशावाली बाई बोलायला लागली. तिला मुरबाडची शोरूम माहीत होती, तानसा कोणी सांगितलं नव्हतं. "यू-टर्न घ्या," ती म्हणाली. थोडं पुढे गेलो, परत, "यू-टर्न घ्या."

"सारखी माघारी फिर म्हन्ते," वहिनी म्हणाल्या. "हिला म्हायेर नाय वाटतं."

हर्षितने तिला गप्प केली.

किन्हवलीकडचा रस्ता म्हणजे वळणं. वळणावर गाडीचं तोंड एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे, आणि शेपटात दोन जाणकार. आधी टॉर्कची चर्चा थांबली. मग सस्पेन्शनची. मग नुसते हुंकार. आणि मग कमळाकरचा आवाज आला, विहिरीतून यावा तसा.

"थांबव... मला लागली."

हर्षितने आरशात पाहिलं. त्याचे डोळे चमकले. "तुम्हालापण, सर? मग दोन बुक करू?"

पुढचं सांगत नाही. गाडी थांबली, दारं उघडली आणि दोघं जाणकार साबराच्या काटेरी कुंपणाशी वाकले. हर्षित बघत राहिला. एकदा त्यांच्याकडे, एकदा वहिनींच्या हातातल्या लिंबाकडे. शोरूममधलं मराठी त्याच्या डोक्यात हळूहळू फिरलं आणि नवीन जागी जाऊन बसलं.

"लागते म्हणजे... हे?" त्याने मला विचारलं.

"हेच."

"म्हणजे मॅडमना गाडी नको आहे?"

त्याच वेळी त्याचा फोन वाजला. शोरूमचा मॅनेजर. इतका मोठा आवाज की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. गाडी कुठे आहे, दुसरा कस्टमर ताटकळलाय, आत्ताच्या आत्ता परत फिर. हर्षितचा चेहरा उतरला. वहिनींनी तो बघितला. त्यांनी लिंबू खिडकीशी आलेल्या सुदामच्या हातात ठेवलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि हर्षितला म्हणाल्या, "तुझी नोकरी असंल तर फिर बाला. मला राग नाय. मला कुनी पुढं बसवलीच नव्हती इतकी वर्सं, म्हनून लागायची. येवढं आज कललं. ह्येच लई झालं."

असं म्हणून त्या खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. कीर्तनात बुवा आवाज उतरवतात तसा त्यांचा आवाज उतरला होता, पण बुवांना ठाऊक असतं की पुढे परत चढवायचाय. वहिनींना ठाऊक नव्हतं.

भाऊ "अगो..." म्हणत वहिनींच्या खिडकीशी गेले. सुदाम लिंबू हुंगत उभा होता, पांढरा फटक. तो आईकडे बघत राहिला. त्याने हर्षितच्या हातातून फोन घेतला.

"हॅलो, कस्टमर बोलतोय. अजून डिसाइड होत नाही. गाडी फॅमिलीची आहे, फॅमिलीने ठरवायचंय. आम्ही... ग्राउंड क्लीअरन्स बघतोय." पलीकडून काहीतरी कडक आलं. "हो, खूप ग्राउंड आहे. वेळ लागेल." आणि त्याने फोन हर्षितच्या खिशात घातला. "चल रे. तानसा."

"सर, तुम्ही मधल्या सीटवर या," हर्षित म्हणाला.

"नको," सुदाम म्हणाला, आणि परत मागे जाऊन बसला. कमळाकर मात्र किन्हवलीहून एस.टी. पकडतो म्हणून तिथेच राहिला. जाताना म्हणाला, "पत्रा पातल हाय, मी आधीच सांगितलं होतं."

शहापूर आलं, आटगाव गेलं, सागाचं जंगल लागलं. पानं झडलेली, मोहाचा वास. तानशाचं पाणी भल्या मोठ्या पाइपातून मुंबईकडे निघालं होतं. मंडपाशी पोचलो तर तिथे पिण्याच्या पाण्याचा टँकर लागलेला.

कीर्तन रंगात आलं होतं. बुवा गोपाळांच्या शिदोऱ्या सोडत होते. कोणाच्या कण्या, कोणाची भाकर, कोणाचं आंबट ताक, आणि देव सगळ्यांचं एकत्र कालवतोय. बुवांच्या मागे, गळ्यात वीणा अडकवून, धाऊ उभा. सप्ताहात वीणा जमिनीला टेकवत नाहीत. ज्याच्या गळ्यात असेल त्याने उभंच राहायचं, दुसऱ्याने येऊन घेईपर्यंत.

वहिनी मंडपाच्या कडेशी येऊन थांबल्या. धाऊची नजर बायकांच्या बाजूला गेली, जाऊन परत आली, आणि परत गेली. त्याचा हात तारेवर थांबला. बहीण दहा पावलांवर उभी, आणि त्याला हलता येईना. डोळे मात्र वाहायला लागले. बुवांना वाटलं, आपल्या वर्णनाने. त्यांनी आणखी जोर लावला.

वहिनींनी सुदामकडे बघितलं. "जा. मामाकडनं वीना घे."

"आई, मला उभं राहवत नाहीये."

"म्हनून सांगते. धरायला काहीतरी होईल."

सुदामने टँकरच्या नळावर तोंड धुतलं, पाय धुतले, लटपटत मंडपात शिरला. मामा-भाचे एकमेकांच्या पाया पडले, वीणा गळ्यातून गळ्यात गेली. धाऊ आला आणि बायका-पुरुषांच्या मधल्या दोरीशी बहिणीच्या बाजूला मांडी घालून बसला. बुवा पुढच्या ठिकाणी थांबणार त्याच्या क्षणभर आधी दोघांच्या माना एकदमच हलल्या.

हर्षित वाकून वाकून सुदामपाशी गेला. कुजबुजला, "सर, टॉप मॉडेल की मधलं?" सुदामच्या एका हातात वीणा, दुसरा तारेवर. त्याने नुसतं आईकडे डोळ्यांनी दाखवलं. हर्षित तिकडे गेला. वहिनींनी मान न वळवता शेजारच्या सतरंजीवर थोपटलं. "बस. आधी काला खा."

तो बसला. कोणीतरी त्याच्या हातात टाळ दिले. त्याने ते चुकीच्या जागी वाजवले. पण जोरात वाजवले.

हंडी फुटली, दही-लाह्यांचा काला वाटला गेला, धाऊने बहिणीच्या ओंजळीत स्वतःच्या हाताने घातला. सुदाम अजून उभाच होता, या पायावरून त्या पायावर. वीणेची पाळी ज्याची होती तो माणूस कुठे दिसेना. मी शोधायला बाहेर गेलो. तो आणि गावातली निम्मी मंडळी शोरूमच्या गाडीभोवती गोळा झाली होती. पाळीवाला खाली वाकून चाकाखाली बघत होता.

"जागा चांगली हाय खाली," तो मला म्हणाला. "फॅमिलीला बरी पडंल."